पान एकेचाळीसवरचं कुलूप

१२ जानेवारी

ती. मामांस,

नमस्कार. पोचले, रुजू झाले, आणि आजपर्यंत मला कोणी घरी जा म्हणालेलं नाही. रोज सकाळी जिना चढताना वाटतं, आज म्हणतील.

परराष्ट्र खात्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अगदी शेवटची खोली आमची. सहा टेबलं आणि भिंतीभर लोखंडी कपाटं, एका देशाला एक खण. खिडकी उघडली की कागद उडतात, म्हणून ती कोणी उघडत नाही. परदेशांत कोणाला आपल्या पद्धतीने प्रार्थना करू देत नाहीत, कोणाचं प्रार्थनाघर बंद केलं, धर्म बदलला म्हणून कोणाला तुरुंगात टाकलं, याची माहिती जमवायची आणि वर्षातून एकदा अहवाल छापायचा, हे आमचं काम. सरकारने हा विषय आता परराष्ट्र धोरणात पहिल्या रांगेत आणलाय. म्हणजे त्या देशांशी व्यापाराचं बोलणं असलं तरी आमचा अहवाल टेबलावर असणार. म्हणून मी एकेक ओळ चार वेळा तपासते. पाचव्यांदा तपासताना विभागप्रमुख बाईंनी पाहिलं आणि कागद हातातून काढून घेतला.

माझ्याकडे अकरावा खण आहे. त्यात एका बुकबाइंडरची फाइल आहे. त्याने तीस प्रार्थनापुस्तकं बांधून दिली, म्हणून तो दोन वर्षं तुरुंगात आहे. त्याची बायको दर महिन्याला पत्र पाठवते. पत्रात तक्रार नसते. या महिन्यात काय काय बांधायचं राहून गेलं, त्याची यादी असते.

इथला एक नियम तुम्हाला आवडेल. साक्षीदाराला त्रास होऊ नये म्हणून कार्डावर उतरवताना त्याचं नाव आणि गाव खोडायचं. मला ही सवय इतकी लागली की परवा रजेच्या अर्जावर स्वतःचंच नाव खोडलं. बाई म्हणाल्या, रजा मंजूर आहे, पण कोणाची ते कळव.

एक अडचण आहे. बाई म्हणतात, माझं लिहिणं निर्जीव आहे. ‘प्रार्थनाघर बंद करण्यात आले’ असं मी लिहिते आणि वाचणाऱ्याला दार दिसत नाही. मामा, तुम्ही पाट्या रंगवताना मला पहिली अक्षरं दाखवलीत. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, पण बघायला तुम्हीच शिकवलंत. बंद दार कसं लिहायचं?

सहा महिने मी उमेदवारीवर आहे. जूनमध्ये ठेवायचं की नाही ते ठरेल. मामींना सांगा, मी वेळेवर जेवते. हे बहुतेक खरं आहे.

तुमची,
भाची


२७ जानेवारी

सरकारांच्या सेवेसी,

तुमचं पत्र मिळालं. दुकानात चारचौघांसमोर मोठ्याने वाचलं. मला वाचायला वेळ लागतो हे तुला माहीत आहे. मी आधी अक्षर मनात काढतो आणि मग ते काय आहे ते बघतो. त्यामुळे ‘परराष्ट्र’ या शब्दापाशी न्हावी उठून गेला, तो ‘धोरण’ संपल्यावर परत आला.

तर आता दुसऱ्या देशांचे कान उपटायचं काम आमच्या पोरीकडे आहे. लहानपणी शेजारच्या मांजरीला हाड म्हणायची हिंमत नव्हती तुझी. मामीला सांगितलं. ती म्हणाली, त्या देशांना आधी जेवलात का विचारेल आणि मग रागावेल.

दार कसं लिहायचं म्हणतेस? डोक्यात कशाला शोधतेस, दारापुढे जाऊन उभी राहा. तुला तिथे दार नसेल तर माझं घे. माझ्या दुकानावरच्या खोलीत ते गप्प बसणारे लोक जमायचे, आठवतं? समोरासमोर बाकांवर बसतात, तासभर कोणी बोलत नाही, तीच त्यांची प्रार्थना. ती खोली नगर कार्यालयाने डिसेंबरात बंद केली. ऐक.

‘बावीस पायऱ्या चढून गेलं की निळं दार. खालचा अर्धा भाग पायांनी घासून पांढरा झालेला. कडी जुनी आणि कुलूप नवं, इतकं नवं की त्याला अजून तेलाचा वास येतो. कुलपाला कापड गुंडाळून वर लाखेचा ठसा. दारावर नोटीस चिकटवली आहे, तिचा एक कोपरा सुटला आहे आणि वारा आला की ती दारावर टकटक करते, जणू बाहेरच्याला आत यायचं आहे. सातव्या दिवशी सकाळी ते लोक येतात, कुलूप बघतात आणि पायऱ्यांवरच बसतात, एका पायरीवर दोघं. तासाभराने उठून जातात. जाताना जिना झाडून जातात.’

झालं. यात ‘करण्यात आले’ कुठे आहे का बघ.

बाकी ठीक. मामी कामात आहे.

तुझा,
मामा


९ फेब्रुवारी

ती. मामांस,

तुमचा परिच्छेद मी अकरा वेळा वाचला. जिना झाडण्यापाशी दर वेळी थांबले. शेवटी तो कार्डावर उतरवून खणात मागे ठेवला, म्हणजे लिहिताना अडले की काढून बघता येईल.

पण मामा, खोली बंद का केली? ते लोक तर चालतानासुद्धा आवाज करत नाहीत. कोणी तक्रार केली असेल तर काय म्हणून केली असेल? मी बाईंना विचारलं की आपल्याच देशातलं असं प्रकरण कुठल्या खणात जातं. त्या म्हणाल्या, कुठल्याच नाही, हा परदेशांचा विभाग आहे. मग म्हणाल्या, प्रश्न चांगला आहे, पुन्हा विचारू नकोस.

तुम्ही त्यांच्यासाठी नगर कार्यालयात जाऊन बोला ना. तुमचं तिथे ऐकतील, त्यांची पाटीसुद्धा तुम्हीच रंगवलीय. दुसऱ्याच्या दारापुढे उभं राहून ज्याला इतकं दिसतं, त्याला त्या लोकांबद्दल किती वाटत असेल, ते मला कळतं. मी इथे सगळ्यांना सांगते, माझे मामा असे आहेत.

आमच्याकडे शब्दांच्या तीन पायऱ्या आहेत. ‘दखल’, ‘चिंता’ आणि ‘तीव्र चिंता’. बुकबाइंडरसाठी मी तिसरी मागितली. मिळाली.

तुमची,
भाची


२० फेब्रुवारी

सरकार,

लोकांना माझ्याबद्दल काही सांगत जाऊ नकोस. लोक खरं मानतात.

तक्रारीचं म्हणशील तर कोणीतरी अर्ज केला असेल. अर्ज करणाऱ्याची काही अडचण असेल. गल्लीत माणसं पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला हात आहेत. मी रंगवणारा माणूस, कार्यालयात जाऊन बोलणारा नव्हे. त्यांच्या पाटीत एक वेलांटी वाकडी गेलीय, त्यावरून अजून बोलणी खातो.

तुझ्या तीन शब्दांची गंमत वाटली. मामी आयुष्यभर माझ्याबाबतीत ‘दखल’वर होती, मध्ये कधीतरी ‘चिंते’वर चढली. हल्ली कुठल्या पायरीवर आहे ते कळत नाही, कारण बोलतच नाही. मी बोलतो, ती भांडी घासते. सातव्या दिवशी सकाळी तर स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तासभर भिंतीकडे बघत असते. गुडघे दुखत असतील. तू मलम पाठव.

आणि एक विचारायचं होतं. तुम्ही ‘तीव्र चिंता’ छापल्यावर पुढे काय होतं? तो देश घाबरतो का? की पान उलटतो?

तुझा,
मामा


३ मार्च

ती. मामांस,

मलम पाठवलंय. दिवसातून दोनदा लावायचं, लावल्यावर हात धुवायचे, डोळ्यांजवळ न्यायचं नाही. मामींना वाचून दाखवा.

देश घाबरत नाही. पण परवा बुकबाइंडरच्या बायकोचं पत्र आलं. त्याच्यासाठी ‘तीव्र चिंता’ येणार अशी कुणकुण त्यांच्या वकिलातीला लागली आणि त्या सरकारने चौकशी करू म्हणून कळवलं. तुरुंगातल्या पहारेकऱ्याने त्याला दोन वर्षांत पहिल्यांदा बाकावर बसायला सांगितलं. एवढंच झालं. मला ते खूप वाटलं. तुम्हाला हसू येईल म्हणून लिहिणार नव्हते.

अहवाल एप्रिलमध्ये छापला जाईल. ताप आल्यासारखं वाटतंय, पण बहुतेक काळजीच असेल.

तुमची,
भाची


२८ एप्रिल

मामा,

नमस्कार लिहायला विसरले, तो इथे धरा.

माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. पहिल्यापासून सांगते.

काळजी नव्हती, तापच होता, आणि महिन्याने तो उलटला. अहवाल छापायला जायच्या आठवड्यात मी चार दिवस खोलीवर पडून होते. माझा खण बाईंनी स्वतः काढला. त्यात तुमच्या परिच्छेदाचं कार्ड होतं. शिकण्यासाठी ठेवलेल्या गोष्टी पांढऱ्या कार्डावर उतरवायच्या असतात आणि साक्षी पिवळ्या. त्या दिवशी पांढरी संपली होती, म्हणून मी पिवळं वापरलं. आणि उतरवताना सवयीने तुमचं नाव, गाव, गल्ली सगळं खोडलं. इतकं नीट खोडलं की खाली काय होतं ते मलाही दिसत नाही.

बाईंनी ते वाचलं आणि सगळ्यांत जिवंत साक्ष म्हणून अहवालात घातलं. पान एकेचाळीस. बुकबाइंडर पान चाळीसवर आहे.

मी उठून आले तेव्हा अहवाल छापून गेला होता. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ही पोर दारापुढे उभं राहायला शिकली. मी पान उघडलं आणि बावीस पायऱ्या वाचल्या. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. तीन आठवडे बोलले नाही, मामा. पहिल्यांदाच कोणी माझं कौतुक केलं होतं.

मग मंत्रीसाहेबांनी परदेशातल्या एका मोठ्या सभेत नेमकं तेच पान वाचून दाखवलं. जिना झाडण्यापाशी सभागृह शांत झालं म्हणे.

काल बुकबाइंडरच्या देशाचं उत्तर आलं. फार सभ्य भाषा आहे. त्यांनी अकरा शहरांतले निळ्या दारांचे सगळे जिने पाहिले. एका ठिकाणी बावीस पायऱ्या सापडल्या, पण वर दंतवैद्य राहतो. असं दार आमच्या देशात नाही, असेल तर पत्ता कळवा, आठ दिवसांत उघडून देतो, असं त्यांनी लिहिलंय. आणि शेवटी दोन ओळी आहेत. एक प्रकरण बनावट निघाल्याने अहवालातली बाकीची छत्तीसही तशीच असावीत, असं समजायला जागा आहे. बुकबाइंडरची चौकशी थांबवण्यात येत आहे.

मी गप्प राहिले तर कोणाला कळणार नाही. पत्ता सुरक्षेसाठी देता येत नाही, एवढं आमच्या खात्याने लिहिलं की झालं. सगळे तसंच लिहायला निघालेत. पण मग तो माणूस तिथेच राहील, आणि ते माझ्या पिवळ्या कार्डामुळे.

मी उद्या बाईंना सांगणार आहे. परिच्छेद खोटा नाही, फक्त देश चुकला, असं सांगेन. तो खरा आहे, हे मात्र पुराव्यासकट सांगता आलं पाहिजे. म्हणून विचारते. खोली कोणाच्या तक्रारीवरून बंद झाली? काय तक्रार होती? तुम्हाला माहीत आहे असं मला वाटतं. फेब्रुवारीच्या पत्रात तुम्ही हात फार मोजलेत.

तुमची,
भाची


४ मे

पोरी,

आज सरकार म्हणत नाही.

तक्रार मी केली.

दोनदा वाचू नकोस, बरोबर वाचलंस. अर्जावर एकच सही आहे, ती माझी. मजकूर असा, की वर येणारे लोक जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर पादत्राणे काढतात, त्यामुळे दुकानाच्या दारात अडथळा होतो आणि ओल्या पाट्यांना धक्का लागतो. एका पाटीला धक्का लागला होता, हे खरं आहे. तो माझ्याच कोपराचा होता.

कार्यालयातला कारकून म्हणाला, पादत्राणांसाठी आमच्याकडे कलम नाही, विनापरवाना जमाव लिहू का? मी म्हटलं, तुमच्याकडे जे असेल ते लिहा. पुढच्या सातव्या दिवसाआधी कुलूप लागलं. मला वाटलं होतं, फार तर चपला हलवायला सांगतील.

आता हे का केलं ते. तू विचारलं नाहीस, पण विचारशील.

गेल्या वर्षी एका सकाळी चपला बाजूला सारत होतो. चाळीसेक जोड असतील. त्यात एका जोडाचा अंगठा मी स्वतः शिवलेला होता, हिरव्या दोऱ्याने, कारण काळा संपला होता. मामी घरी सांगून गेली होती की बहिणीकडे जाते. मी काही बोललो नाही. पुढच्या सातव्या दिवशी पुन्हा तोच जोड. वर्षभर. मी खाली अक्षरं काढत बसायचो आणि माझ्या डोक्यावर माझी बायको चाळीस लोकांबरोबर गप्प बसायची. तीस वर्षं माझ्याशी बोलली ती बाई. मला वाटायचं, तिला हवं ते सगळं खाली आहे. मग वर असं काय आहे, की ते मला सांगता येत नाही?

विचारायला हवं होतं. त्याऐवजी अर्ज केला. विचारायला धीर लागतो, अर्जाला नुसता कागद.

तुला ते दार लिहून पाठवलं तेव्हा वाटलं, दूरच्या लोकांना नावं ठेवणारी ही पोर, हिला गंमत दाखवावी. लिहिता लिहिता मीच त्या पायऱ्यांवर बसलो. मग तू लिहिलंस, माझे मामा असे आहेत. ते पत्र मी दुकानात वाचलं नाही.

मामीला यातलं काही माहीत नाही. तुला जे लिहायचं ते लिही. नाव घालायचं तर घाल.

मामा


१८ मे

ती. मामांस,

तुमचं पत्र यायच्या आधीच मी बाईंना सांगितलं होतं. ते आल्यावर पुन्हा गेले आणि उरलेलं सांगितलं. तुम्ही कोण ते मात्र आधी सांगितलं नाही, फक्त ‘तक्रारदार’ म्हटलं. बाईंनी विचारलं, तुला हा तक्रारदार कसा माहीत? मी म्हटलं, त्यांनी मला अक्षरं शिकवली.

त्या उठून खिडकीशी गेल्या. मग त्यांनी खिडकी उघडली. सगळ्या टेबलांवरचे कागद उडाले आणि सहाजण ते गोळा करत असताना त्या म्हणाल्या, “दुसऱ्याच्या घरात डोकावणं हे आपलं काम आहे. मग कोणी आपल्या घरात डोकावलं तर पडदा ओढायचा नाही.”

वरच्या लोकांना हे पटवायला त्यांना सहा दिवस लागले. चूक झाली एवढंच म्हणा, नेमकी कुठली ते सांगू नका, असं वरचे म्हणत होते. बाई म्हणाल्या, मग छत्तीस प्रकरणं बुडतील. शेवटी दुरुस्तीपत्रक निघालं. त्यातली ओळ मी लिहिली: ‘पान ४१ वरचे दार खरे आहे. ते त्या देशात नसून आपल्या देशात आहे. एका रहिवाशाच्या तक्रारीवरून ते बंद झाले.’ मला ‘बंद करण्यात आले’ लिहायचं होतं. बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

तुमचं नाव घातलं नाही. हा माझा अप्रामाणिकपणा नाही ना, याचा मी दोन दिवस विचार केला. नियम नियमच आहे. तो साक्षीदारांसाठी आहे, आणि तुम्ही तेही आहात.

त्या देशाने अजून उत्तर दिलेलं नाही. बुकबाइंडरच्या बायकोचंही या महिन्यात पत्र नाही. मी रोज टपालाच्या खोक्यात दोनदा हात घालते. टपालवाला म्हणाला, ताई, एकदा मी घालतो, एकदा तुम्ही, वाटून घेऊ.

माझी उमेदवारी तीन महिन्यांनी वाढवली आहे. काढून टाकलं नाही. का नाही, ते विचारायची हिंमत होत नाही.

मामा, मला तुमचा राग आला होता. चार दिवस होता. मग मला आठवलं की कौतुक जाऊ नये म्हणून मीही तीन आठवडे गप्प बसले होते. तुम्ही मामींना सांगा. मी सांगणार नाही, पण त्यांनी मला विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमची,
भाची


१४ जून

सरकारांच्या सेवेसी,

मामीला सांगितलं. भांडी घासत होती. मी पाठमोरीलाच सांगितलं, तोंडावर सांगायची छाती नव्हती. सगळं सांगून झालं तरी ती घासतच राहिली. मग म्हणाली, “मला डिसेंबरापासून माहीत आहे.”

नोटिशीसोबत कार्यालयाने माझ्या अर्जाची प्रतही दाराला चिकटवली होती; तुला दार लिहून पाठवताना तेवढं मी गाळलं होतं. मामीला वाचता येत नाही. पण तीस वर्षं माझ्या पाट्या वाळत घातल्यात तिने. म्हणाली, एवढं देखणं अक्षर या गल्लीत दुसरं कोणाचं आहे, तेवढ्यावर ओळखलं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, “तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते.”

तेव्हा मी विचारलं. वर काय आहे. तिने नीट विचार केला आणि सांगितलं, काही नाही, तिथे मी कोणाचं ऐकत नसते. मला वाटलं, माझ्या बडबडीवर बोलतेय. म्हणाली, नाही हो, स्वतःचंही नाही. मला पूर्ण कळलं असं म्हणत नाही. पण तुझं मलम तिने हसत परत दिलं. गुडघे ठीक होते. आता मात्र दुखतात, बहुधा माझा मान राखायला.

मग मी कार्यालयात गेलो. कारकून म्हणाला, तक्रार करायचा नमुना आहे, मागे घ्यायचा नाही. मी तक्रारीचाच कागद घेतला आणि माझ्याविरुद्ध तक्रार केली. अमुक रहिवाशाने डिसेंबरात कारण नसताना अर्ज केला, त्याच्यावर योग्य ती कारवाई व्हावी. कारकुनाने दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि साहेबांना बोलावलं. साहेबांच्या हातात तुझं दुरुस्तीपत्रक आधीच आलेलं होतं. वरून कोणीतरी विचारलं होतं, की दुसऱ्या देशाने आठ दिवसांत उघडून देतो म्हणून कळवलेलं दार आपल्याला किती दिवसांत उघडता येईल. सहाव्या दिवशी तो स्वतः किल्ली घेऊन आला. कुलूप उघडेना. तेल माझ्याकडचं घातलं.

आता जिन्याखाली एक मांडणी केलीय, चार फळ्यांची. निळा रंग दिलाय, दारासारखाच. गप्प बसणाऱ्यांना विचारलं, पाटी रंगवून देऊ का, फुकट. म्हातारे गृहस्थ आहेत एक, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाने मला न बोलता परत पाठवलं.

मी वर जात नाही. मामीने विचारलं होतं. मी म्हटलं, मी गप्प बसलो तर त्या लोकांना चमत्कार झाला असं वाटेल. मी खाली पाट्या करतो. फक्त त्या तासात गुणगुणत नाही.

तुझ्या परवाच्या कार्डात बुकबाइंडरच्या बायकोचं वाचलं. चौकशी पुन्हा सुरू झाली, तिला महिन्यातून एकदा भेटायला परवानगी मिळाली आणि भेटीत त्याने काय विचारलं, तर सुई गंजली का. माणूस आवडला. सुटला नाही अजून, हे लक्षात आहे. तू टपालाच्या खोक्यात हात घालत राहा. मी हसणार नाही.

तर तुझ्या खणासाठी ही माझी साक्ष. मांडणीत चाळीसेक जोड असतात. त्यांतल्या एकाचा अंगठा हिरव्या दोऱ्याने शिवलेला आहे. तो वरून दुसऱ्या फळीवर असतो, घालताना मामीला वाकावं लागू नये म्हणून. फळीची उंची मी तिला न सांगता मोजली होती. तिला कळलंय, असं वाटतं.

अहवालात घालायचं तर घाल. पण या वेळी नाव खोडू नकोस.

तुझा,
मामा